सांगून आणलेलं औषध

आमच्या सासरी बाईचं दुखणं बाईने वैद्याला सांगायची पद्धत नव्हती. दुखायचं बाईला, सांगायचं पुरुषाने, आणि औषध यायचं सासऱ्यांच्या कोटाच्या खिशातून, कागदाच्या पुडीत. पनवेलच्या आमच्या आळीत बहुतेक घरांत हीच सोय होती. नाडी बघणं नाही, जीभ बघणं नाही, डोळ्याची पापणी खाली ओढणं नाही. वैद्यबुवा म्हणे नुसत्या वर्णनावरून रोग ओळखत, आणि तेही तिसऱ्याच्या तोंडून आलेल्या. पुडी घरात आली की ती सासूबाईंकडे जाई आणि त्या सांगतील तशी घ्यायची.

सासऱ्यांचा मिठाचा व्यापार होता. आसपासच्या मिठागरांतलं मीठ घ्यायचं, बंदरावर रचायचं आणि मचव्यातून मुंबईला पाठवायचं. एका पिढीपूर्वी याच घरातल्या बायका खाऱ्या पाण्यात उभ्या राहून मीठ ओढत होत्या, आणि काही दुखलं-खुपलं तर चारचौघांत त्या जागेचं नाव घेऊन सांगत होत्या. मग घरावर मंगलोरी कौलं चढली आणि कौलांबरोबर बायकांच्या डोक्यावर पदरही चढला. लाज ही आमच्याकडे नुकतीच आणलेली वस्तू होती. नव्या कपबश्यांसारखं तिला सगळे फार जपून हाताळत.

मी चिरनेरकडची, सातवी पास झालेली. आमचे हे म्हणजे घरातले धाकटे चिरंजीव. मिठाच्या मचव्याबरोबर ते मुंबईला जात आणि माल उतरेपर्यंत तिकडेच राहत. येताना सासूबाईंना हलवा आणत, मला काचेच्या बांगड्या आणत. आणखीही काही आणत असतील हे माझ्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. नवरा मुंबईहून बांगड्या आणतो म्हणून विहिरीवरच्या बायका माझा हेवा करत आणि मला ते आवडे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझं दुखणं सुरू झालं. लघवीला बसलं की तिखट लागल्यासारखी आग व्हायची. आधी वाटलं, उन्हाचं असेल. धण्याचं पाणी प्यायले, कोकम प्यायले. मग अंगावरून जायला लागलं. पांढरं जातं ते बायकांना माहीत असतं, त्याची कुणी तक्रारही करत नाही. हे पिवळं होतं, दाट होतं आणि त्याला घाण वास होता. ओटीपोटात सारखं ओढून धरल्यासारखं दुखे. मी भ्याले. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, तांदूळ निवडताना एकच मनात येई, की आत काहीतरी सडतंय, आणि मूल पोटात राहायच्या आधीच आपण नासलो.

हे आलं कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला, बंदरावरच्या वाऱ्यावर घेतला, शेजारणीच्या नजरेवर घेतला, माहेरी खाल्लेल्या सुकटीवरही घेतला. नवऱ्याखेरीज मला कुणाचा स्पर्श नव्हता. तरीही नवरा सोडून मी सगळ्या पनवेलवर संशय घेऊन झाले. पतिव्रता म्हणतात ती हीच असावी.

शेवटी जावेच्या कानावर घातलं. जाऊ म्हणजे थोरली सून, दोन पोरांची आई, घरात मला धरून बोलणारी एकटीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं.

"अगो, उष्नता झाली हाय तुला."

उष्णता हा आमच्या घरचा सगळ्यांत सोयीचा रोग होता. डोकं दुखलं की उष्णता, डोळे आले की उष्णता, सुनेने उलट उत्तर दिलं तरी उष्णताच. जावेने सासूबाईंना सांगितलं, धाकटीला खाली जळजळतंय. सासूबाईंना नवऱ्यासमोर 'खाली' म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांनी सांगितलं, धाकटीला जळजळतंय. सासरे वैद्यबुवांच्या ओट्यावर जाऊन बसले, तिथे आणखी चार प्रतिष्ठित गृहस्थ बसलेले. त्यांच्यादेखत सुनेची जळजळ कुठल्यातरी सभ्य जागी नेऊन ठेवणं भाग होतं. ती त्यांनी तोंडात ठेवली. धाकट्या सुनेचं तोंड आलंय, म्हणाले.

पुडी आली. टाकणखाराची लाही मधातून जिभेवर लावायची आणि जाईचा पाला चघळायचा. मी चघळला. दुखतंय कुठे आणि आपण चघळतोय काय, हे मला कळत होतं. पण वैद्यबुवांचं औषध आहे, वरून खाली उतरत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. काही दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "तोंड बरा हाय का?"

मी म्हटलं, "तोंड चांगलं आहे."

"मंग झाला तर," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी जेवताना वैद्यबुवांच्या हाताला किती यश आहे ते सगळ्यांना सांगितलं.

मी जावेला पुन्हा सांगितलं, या वेळी बोट दाखवून. जळजळ पुन्हा त्याच वाटेने निघाली. या खेपेला ती तोंडातून निघून पोटापर्यंत आली, कारण सासूबाईंनी सासऱ्यांना धीर करून सांगितलं, की जरा खालती हाय. पोटाच्या खाली सासऱ्यांची जीभ वळेना. वैद्यबुवांनी पित्त ठरवलं आणि मोरावळा दिला. मोरावळा उत्तम होता, हे मान्य करायला हवं. जावेची पोरं तो चोरून खात. माझी आग जिथे होती तिथेच होती.

माझे डोळे उघडले ते विहिरीवर. मुंबईहून आले की आमचे हे आपले कपडे स्वतःच्या हाताने खाडीच्या पाण्यात बुचकळून मगच घरी आणत. बायकोचं काम हलकं करणारा असा नवरा कुणाला मिळतो, म्हणून मी माहेरी कौतुक सांगितलं होतं. एकदा मचवा उशिरा लागला, हे दमून आले आणि धोतर तसंच टाकून झोपले. सकाळी मी ते धुवायला घेतलं. पुढच्या बाजूला पिवळे, वाळून कडक झालेले डाग होते. माझ्या कापडावर पडत तेच. रंग तोच, वासही तोच. दगडावर धोतर तसंच धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. मागून एक बाई म्हणाली, "अगो आपट की, का डोळ्यांनीच धुतेस?"

दुपारी मी ह्यांना विचारलं. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं, धोतराला हळद लागली होती का.

"उष्नता हाय ती," हे म्हणाले, "मुंबईचा पानी गरम."

नवरा मुंबईचं पाणी पितो आणि बायको पनवेलचं, तरी दोघांना एकाच जागी एकच उष्णता कशी होते, हे सातवी पास बाईलाही कोडं पडण्यासारखं नव्हतं. मला राग आला. पण रागापेक्षा भीती जास्त होती, कारण रोग कुठून आला ते कळलं तरी रोग काय आहे ते कळलं नव्हतं.

गावातल्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी एक डॉक्टरीणबाई येत. तिथे जायचं तर कारण हवं. सुनेला बाहेर काढील असं एकच सभ्य कारण होतं, मुलाला देवी काढायला नेणं. जावेच्या धाकट्याला अजून टोचलं नव्हतं. जावेने काही न विचारता सासूबाईंची परवानगी मिळवली. पोराला टोचून झाल्यावर ती म्हणाली, "आता जा, तुझा दुखना बोल," आणि पोराला घेऊन बाहेर बाकावर बसली. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत.

डॉक्टरीणबाई मनगटावर पुरुषी घड्याळ लावत आणि पडद्याआड काय आहे ते पडदा सारून बघत. लग्नानंतर माझं दुखणं पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं. मी लाजेने डोळे मिटले. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "याला परमा म्हणतात. नवऱ्याकडून आलाय. नवरा बाहेर जातो का?"

परमा हा शब्द मी बंदरावरच्या भांडणात शिवी म्हणून ऐकला होता. आता तो माझ्या अंगात होता. मी विचारलं, मूल होईल का. हे वर गर्भाशयापर्यंत चढलं तर कठीण होतं, म्हणाल्या, आणि तुझं चढायला लागलंय. आता पेनिसिलिनची इंजेक्शनं मिळतात, बरी होशील. पण नवऱ्यालाही टोचायला हवं.

"एकट्या तुला देऊन काय उपयोग? वरून कौल गळतंय आणि तू खाली जमीन सारवत बसणार. त्याला घेऊन ये. तोवर जवळ येऊ देऊ नको."

मला इंजेक्शन दिलं. आग खरोखर कमी झाली, पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. नवऱ्याला त्या खोलीत न्यायचं, आणि तोवर त्याला लांब ठेवायचं. नाहीतर माझी कूस जाणार. बोलायला सोपं होतं ते डॉक्टरीणबाईंना. आमच्या घरात बायको नवऱ्याला 'नाही' म्हणू शकते, हे कुणी ऐकलंच नव्हतं.

कावळ्याचं मात्र सगळे ऐकत. कौलं चढली तशी घरात बाजूला बसायची रीतही आली होती. कावळा शिवला की चार दिवस पडवीत, वेगळी चटई, वेगळं ताट, चुलीला हात नाही, नवऱ्याने फिरकायचं नाही. मी दवाखान्यातून आले आणि संध्याकाळीच बाजूला बसले. चार दिवस झाले. मी न्हायले नाही. सासूबाईंनी दारातून विचारलं, "अजून हाय?"

"अजून आहे," मी म्हटलं.

त्या महिन्यात माझा कावळा वस्तीलाच आला. पडवीत बसून मी जावेच्या पोरांच्या गोधड्या शिवल्या, आणि आतून घराची गंमत ऐकली. दळण सासूबाईंवर आलं. पाणी जावेवर आलं. सासऱ्यांच्या आमटीत मीठ कमी पडायला लागलं, मिठाच्या व्यापाऱ्याच्या. आमचे हे पडवीवरून जाताना लांबूनच माझ्याकडे बघत आणि खाकरत. एकदा म्हणाले, "काय गो, किती दिस?" मी म्हटलं, माझ्या हातात आहे का ते.

सासूबाई घाबरल्या. सून गेली तर लोक काय म्हणतील हे एक, आणि सून गेली तर दळण कोण दळील हे दुसरं. त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, धाकटीचा थांबत नाय. यावर सासरे पार गांगरले. जळजळ तोंडात ढकलता येते, पोटात ढकलता येते, पण विटाळ कुठे ढकलणार? वैद्यबुवांच्या ओट्यावर चार गृहस्थांत तो कसा सांगणार? त्या संध्याकाळी ते ओट्यावर गेलेच नाहीत. मग त्यांनीच मार्ग काढला, की धाकट्याने बायकोला डॉक्टरीणीकडे घेऊन जावं. असली बायकी कामं डॉक्टरीणीच करतात.

तर मंगळवारी आमचे हे पुढे आणि मी मागे, असे आम्ही दवाखान्यात गेलो. हे बाहेर झाडाखाली विडी ओढत उभे राहिले. बायकांच्या खोलीत आपलं काय काम, असा चेहरा होता. मी आत जाऊन म्हटलं, आणलाय. डॉक्टरीणबाईंनी दारात जाऊन त्यांना हाक मारली, तेव्हा त्यांना वाटलं बायको मेली. घाईने आत आले.

"बसा. तुम्हाला काय होतंय?"

"मला? मला काय नाय. हिला होतंय."

"लघवीला जळजळ?"

"ती थोडी उष्नता हाय."

मी स्टुलावर बसले होते. पदर पुढे होता, पण आवाज मोकळा होता. मी म्हटलं, "ह्यांच्या धोतराला पिवळे डाग पडतात. लघवी करताना भिंतीला हात टेकून उभे राहतात आणि दात खातात. मुंबईहून आले की जास्त होतं. खाडीच्या पाण्यात कपडे स्वतः धुतात." बाईचं दुखणं पुरुषाने सांगायचं अशी रीत होती. पुरुषाचं बाईने सांगू नये असं मला कुणी बजावलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरचा पाटा बोलला.

"किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ह्यांनी मान खाली घातली. "लगनाच्या आदीपासून."

"मग तेव्हा औषध नाही घेतलं?"

आता मात्र ह्यांना राग आला. आपण हयगय केली असं कुणी म्हणावं हे त्यांना पटलं नाही. मान वर करून चांगलं ठणकावून बोलले, "घेतला की! बाबा सोता गेले वैद्यबुवांकडं. ते बोलले, याचा लगीन करून द्या, कोरी पोर बगा. तिच्या अंगात उतरते उष्नता. मंग केला ना लगीन."

मला आमचं लग्न ठरलं तो दिवस आठवला. सासरे चिरनेरला आले होते. हुंडा मागितला नव्हता, मानपान मागितला नव्हता, मुलगी काळी-गोरी बघितली नव्हती. एकच विचारलं होतं, पोर निरोगी हाय ना? आणि लगीन याच महिन्यात करू. माझे वडील भारावून गेले. देवमाणसं मिळाली म्हणून त्यांनी गावभर सांगितलं, आईने ग्रामदेवीला नारळ फोडला. म्हणजे माझी जळजळ चार तोंडं फिरून वैद्यबुवांच्या ओट्यावर पोचली, तेव्हा ती काय आहे हे त्या ओट्याला आधीपासून ठाऊक होतं. सासऱ्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक असून मला जाईचा पाला चघळायला दिला होता.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या वैद्यबुवांना जाऊन विचारा," त्या म्हणाल्या, "स्वतःच्या मुलीला देतात का कुणाला असं औषध म्हणून." आणि सुई भरली. ह्यांनी सुई टोचायच्या आधीच "आय गं" म्हणून हाक मारली. मग मला दिली. पुढचे सगळे मंगळवार दोघांनी यायचं, नाहीतर मी स्वतः तुमच्या घरी येईन आणि ओटीवर उभी राहून सांगेन काय झालंय ते, असंही त्यांनी ह्यांना बजावलं. आमच्या घरात पोलिसापेक्षाही याची भीती जास्त. एकही मंगळवार चुकला नाही.

घरी येताना हे पुढे लंगडत चालले होते. मी मागे रडत होते, भर बाजारात, तांदळाच्या गाड्यांमधून वाट काढत. त्या पुढे ओढलेल्या पदराचा मला तेवढा एकदाच उपयोग झाला. माझा रोग गेला. मूल व्हायला मात्र पुष्कळ वर्षं लागली. एकच झालं, मुलगी. मधल्या सगळ्या वर्षांत वांझ म्हणून बोलणी मीच खाल्ली. पण त्या दिवशी बाजारातून चालताना यातलं काहीच मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की माझ्या बापाने आनंदाने मला या घरात दिली आणि या घराने मला पुडीसारखी आणली.

घरी सासरे ओटीवर बसले होते. हे त्यांच्यासमोरून तडक आत गेले आणि कुशीवर आडवे झाले. सासूबाई दारात आल्या. सासऱ्यांसमोर मी आजवर कधी बोलले नव्हते.

"काय बोलली डाक्तरीन?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

मी सासऱ्यांकडे बघून, ओटीपलीकडच्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "म्हणाल्या, पोरासाठी आणलेलं औषध लागू पडलं नाही. रोग औषधालाच लागला."

सासऱ्यांनी कोट खांद्यावर टाकला आणि बंदराची वाट धरली. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांना यातलं किती माहीत होतं ते मला कधी कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी हात पुढे केला, मी अजून न्हायलेली नसताना माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता ही बाई माझ्यासाठी रडणार.

"अगो, पन पोराला बरा वाटंल ना?" त्या म्हणाल्या.